आबांनी मुंबईहून तांदूळ आणला

पौष लागला की आमच्या मुरबाड-शहापूर भागातल्या माणसांचे पाय म्हशाच्या जत्रेकडे वळतात. भाताची झोडणी आटपलेली असते, पेंढ्याच्या उडव्या घरामागे रचून झालेल्या असतात, शेतात धसकटांमधून वालाची हिरवी पानं वर आलेली असतात आणि माणसाच्या हाताला वर्षात पहिल्यांदाच काही काम नसतं. कुणाला बैल घ्यायचा असतो, कुणाला घोंगडी. ज्याला काहीच घ्यायचं नसतं तो सगळ्यांच्या आधी कपडे करून तयार असतो. पूर्वी बैलगाड्या जायच्या, आता शहापूरच्या आमच्या घरासमोरून जीपगाड्या भरभरून जातात, आणि शेजारणी खिडकीतून विचारतात, "बाई, येताय ना म्हशाला?" मी म्हणते, "माझी जत्रा कधीच झाली, तुम्ही जा."

माझी जत्रा मुंबईत झाली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. मी तेव्हा मराठी शाळेत दुसरीत की तिसरीत होते. पुढे मी मुंबईला शिकायला गेले, दवाखान्यासाठी गेले, मुलाच्या घरी राहायला गेले, पण त्या सगळ्या मुंबया वेगळ्या. पौषातली ती कोरडी थंडी अंगाला लागली, पाठीवर ऊन घेत अंगणात बसलं, की मला दिसते ती पहिलीच.

ती क्रमाने आठवत नाही. आधी वास येतात. बोरीबंदरच्या बाहेर पडल्यापडल्या आलेला घोड्यांच्या लिदीचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि कुठल्यातरी तळणीचा वास. मग ट्रामची घंटा. ती ट्राम दुमजली होती. वरच्या मजल्यावर बसायला मी हट्ट धरला तेव्हा आबा म्हणाले, "माळ्यावर बसून कोण परवासाला जातंय? माळ्यावर पेंढा ठेवतात." आबा म्हणजे माझे वडील. मग एका मोठ्या दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या, भारी साड्या नेसलेल्या, गोऱ्यापान बाहुल्या आठवतात. माणसाएवढ्या उंचीच्या. आईने त्यांना बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नजर खाली घातली. मोठ्या घरच्या बायका आपल्याकडे बघताहेत असं तिला वाटलं असणार. मी हसले, आबा हसले, पण आईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसे.

आम्ही मुंबई बघायला गेलो होतो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही. पण खरं सांगायचं तर आम्ही आईला जगवायला गेलो होतो.

त्याआधीच्या भादव्यात माझा धाकटा भाऊ गेला. बारशाला नाव ठेवलं होतं, पण सगळे त्याला बाळच म्हणायचे. नुकता बसायला लागला होता, समोर येईल ते तोंडात घालायचा. ताप आला आणि उतरलाच नाही. शेतात भात पोटरीला आलं होतं आणि पाऊस उघडला होता, एवढं मला आठवतं. आई रडली, आणि मग कामाला लागली. भात कापलं, भारे वाहिले, झोडणी केली, पाखडलं, भरलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की बाई सावरली. पण दिवाळीनंतर तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे पळायला लागल्या. हंडी उचलताना ती भिंतीला टेकायची. भगत आला, बाहेरचं आहे म्हणाला आणि कोंबडं घेऊन गेला. वैद्याने काढा दिला. कोंबडंही गेलं, काढाही संपला, आई दिवसेंदिवस वाळतच चालली. पाणवठ्यावरच्या बायका माझ्यासमोरच बोलायच्या, "ही काय शिमगा बगत नाय." लहान पोराला कळत नाही असं मोठ्या माणसांना का वाटतं, कोण जाणे. मी रोज झोपताना आईचा पदर मुठीत धरून झोपायचे.

गणूमामा हा आईचा धाकटा भाऊ. मुंबईत कापडाच्या दुकानात कामाला होता, गिरगावात एका चाळीत राहायचा, लग्न व्हायचं होतं. झोडणी झाल्यावर तो गावी आला आणि बहिणीला बघून ओटीवर मटकन खाली बसला. "भावजी, बायला चार दिस माझ्याकडं घेऊन या," तो आबांना म्हणाला. "राणीचा बाग बगल, समिंदर बगल. मन रमंल तिचं."

"मुंबई बगून कोण जाड झालाय?" आबा म्हणाले. पण त्याच आठवड्यात त्यांनी बैल शेजाऱ्याच्या हवाली केले आणि आम्ही आसनगावला जाऊन गाडीत बसलो. आबांचं असंच होतं. तोंडाने नाही म्हणायचं आणि पायाने निघायचं.

आता इथे आमच्या घरच्या जेवणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे आधी आबा जेवायचे, कुणी पाहुणा असला तर तो त्यांच्या शेजारी. मग मी. मग मागचं सगळं आवरल्यावर आई आत चुलीपाशी एकटी बसायची, आबांच्याच ताटात वाढून घ्यायची आणि जेवायची. जेवायची म्हणजे जेवत असावी. बघायला कुणी नसायचंच. गावात घरोघर हीच रीत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आज माझी सून मुलाच्या बरोबरीने टेबलावर बसते, कधी घाई असली तर त्याच्या आधी वाढून घेऊन मोकळी होते, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. माझ्या वयाच्या बायका नाकं मुरडतात. मुरडोत. मी बघितलंय ते त्यांनी बघितलेलं नाही.

मामा एकटा, त्याच्या खोलीत चूल नव्हती. म्हणून जेवायचं ते खाणावळीत. रात्री मामाच्या शेजारणीकडे आई आणि मी झोपायचो, आणि दोन्ही वेळा चाळीखालच्या खाणावळीत जायचो. पहिल्या दुपारी मामा दुकानात होता. खाणावळीच्या मालकांना तो सांगून गेला होता, माझी गावाची माणसं येतील म्हणून. बायकामाणसांसाठी पडद्याआड वेगळी जागा होती. लांब बाक आणि थंडगार फरशीचं टेबल. वाढपी जाडजूड, वयस्क, कपाळाला गंध लावलेला. त्याने तीन ताटं मांडली. आबा बसले, मी बसले, आई मात्र आबांच्या मागे उभीच राहिली.

"बसा ना बाई," वाढपी म्हणाला.

"यांचं होऊ द्या," आई म्हणाली.

तो वरण घेऊन आला तेव्हा आईने पुढे होऊन त्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि आबांच्या भातावर वरण वाढलं. नवरा जेवतोय आणि परका पुरुष वाढतोय, हे तिला बघवेना. वाढपी दोन पावलं मागे सरला. "अहो बाई, माझी नोकरी घालवता काय?" पडद्यापलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. आबांचे कान लाल झाले. आईला काही कळलं नाही. ती शांतपणे आमटी वाढायला वळली. मग वाढप्यानेही नाद सोडला, तिसरं ताट उचलून दुसऱ्या पंगतीला दिलं आणि भांडी तिच्या हाताशी ठेवून तो निघून गेला.

आबा उठले, हात धुऊन पडद्याशी उभे राहिले. माझंही झालं. मग आई बाकावर टेकली आणि रोजच्या सवयीने तिने आबांचं ताट आपल्यापुढे ओढलं. तेवढ्यात वाढपी परत आला, ते उष्टं ताट त्याने सहज उचललं आणि बादलीत टाकलं. "तुमचा उपास दिसतोय बाई," तो म्हणाला. आईने मान हलवली. उठली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि आमच्यामागून बाहेर आली.

आबांनी हे सगळं पडद्याच्या फटीतून बघितलं होतं. मला वाटतं, तिला आता वाढा असं वाढप्याला सांगायला ते तोंड उघडत होते, पण चारचौघांत बायकोच्या जेवणाची चौकशी करायची त्यांना लाज वाटली. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी चालता चालता विचारलं, "जेवलीस ना गो?"

"जेवले," आई म्हणाली.

आबा भर रस्त्यात थांबले. मागून व्हिक्टोरियावाला ओरडला, घोडा बाजूला घेऊन शिव्या देत पुढे गेला, तरी आबा हलले नाहीत. हा शब्द ते रोज ऐकत होते. रोज रात्री ओटीवर घोंगडी अंथरताना ते आत हाक देऊन विचारायचे, जेवलीस का गो, आणि आतून उत्तर यायचं, जेवले. ह्याच आवाजात, इतक्याच सरळपणे. त्या शब्दावर विसंबून ते झोपत होते. आणि आत्ता, स्वतःच्या डोळ्यांनी तिला उपाशी उठलेली बघितल्यावर, त्यांना तोच शब्द पुन्हा ऐकू आला होता.

त्यांनी आईचा दंड धरला. रस्त्यात बाईच्या अंगाला हात लावणारे आबा मी त्याआधी बघितले नव्हते आणि नंतरही नाही. आम्ही तसेच चौपाटीपर्यंत चालत गेलो.

आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला मिळाला की माणूस समुद्र बघतो. मी बघितला, केवढं पाणी आणि त्याला बांध म्हणून नाही, हेच माझ्या मनात आलं. पण आई समुद्राकडे बघत नव्हती आणि आबा आईकडे बघत होते. दोघं वाळूत बसली होती. मी जवळच शिंपले वेचत होते आणि कान त्यांच्याकडे होते.

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

आई वाळूत बोटं खुपसून बसली. मग म्हणाली, "दसऱ्यापासून."

"काय खातेस मग?"

"भाकरी असली तर खाते. कदी ताक पिते."

"आन भात?"

"भात नाय जात." मग ती एकदम बोलायला लागली, कित्येक महिन्यांचं साचलेलं. "त्याचं उष्टावण नव्या भातावर करायचं ठरलं होतं ना? दसऱ्याला करू म्हनत होतो. त्याच्या तोंडाला नवा भात लागला नाय. आता घरात सगळा नवाच भात हाय. भांड्यावरचं झाकान काढलं का तोच वास येतो. घास उचलते वो मी. देवाशपथ, रोज उचलते. तो माझ्याकडं बगतोय असं वाटतं. त्याला न देता मी कशी खाऊ?"

आमच्या घरची ती रीत. बाकीचे लोक सहाव्या महिन्यात पोराच्या तोंडाला खीर लावून उष्टावण उरकतात. आमच्याकडे पोराचा पहिला घास आपल्याच शेतातल्या नव्या भाताचा असायचा, म्हणून भात घरात येईपर्यंत थांबायचे. माझंही तसंच झालं होतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली साधीसुधी रीत; ती एखाद्या आईच्या गळ्यात अशी अडकून बसेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

आबा तिला काहीही म्हणाले नाहीत. वेडी आहेस, असं होतं का, पोटासाठी खावं लागतं, यातलं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. दुःखातल्या माणसाला शहाणपण शिकवायची हौस आपल्याला फार. आबांना ती नव्हती. त्यांनी भेळवाल्याकडून भेळ आणली, तिच्या हातात द्रोण दिला आणि स्वतः तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले. ती लाजली, पण तिने थोडी खाल्ली. कुरमुरे भातापासूनच होतात, हे दोघांपैकी कुणीही बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी मामाही बरोबर होता. तोच पडदा, तोच बाक, तोच वाढपी. ह्या वेळी आबांनी आईला आधी बसवलं, भिंतीच्या बाजूला, आणि स्वतः बाकाच्या टोकाला बसले, म्हणजे तिला उठताच येऊ नये. ताटात भात आला. जाडा, तुकडा, पोत्याचा वास असलेला. आबांनी सवयीने एक शीत बोटांत चुरडलं. "कुठला रे हा?"

"रंगूनचा," वाढपी म्हणाला. "बोटीने येतो. मुंबईत दुसरा परवडतोय कुणाला?"

मामाने डोळे मिटून घेतले. त्याला आता काय ऐकावं लागणार ते ठाऊक होतं. रंगूनचा तांदूळ म्हणजे आबांचा जन्माचा वैरी. तो स्वस्तात येऊन मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि आमच्या झिनीचा, म्हणजे आमच्याकडच्या बारीक तांदळाचा, भाव पाडायचा. कल्याणच्या बाजारातून येताना आबा त्या तांदळाला ज्या शिव्या द्यायचे त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण त्या संध्याकाळी आबा गप्प बसले. बोटावरच्या शिताकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं, आईचं ताट तिच्या पुढे नीट ठेवलं आणि वाढप्याच्या हातातली पळी घेतली. दुपारची आठवण होऊन वाढपी हसला, पण आबांचा चेहरा बघून तिथेच थांबला.

"ऐकलंस काय गो?" आबा वरण वाढत म्हणाले. "हा आपला नाय. रंगूनचा हाय. समिंदरापल्याडून आलाय. त्याला आपलं शेत ठावं नाय, आपलं पोर ठावं नाय. हा खा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमी जेवा आदी."

"मी बसलोय हितं. तू खा."

तिने पदर तोंडापुढे घेतला, अंग थोडं भिंतीकडे वळवलं आणि एक घास घेतला. कितीतरी वेळ तो तोंडातच होता. मग गिळला. दुसरा घेतला. मी माझा हात ताटात तसाच ठेवून बघत होते, कारण आईला जेवताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. तिच्या हाताने मी इतके घास खाल्ले होते, पण तिचा हात तिच्या तोंडाकडे जाताना कधी बघितला नव्हता. ती मान खाली घालून, घाईघाईने, चोरून खाल्ल्यासारखी जेवत होती. पानातला भात संपला तेव्हा आबांनी विचारलंही नाही, आणखी वाढला. वाढप्याने न सांगता तुपाची धार सोडली. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याचं सगळं भलं झालं असेल अशी मी आशा करते. मामा टेबलावर डोकं टेकून रडत होता, आणि वाढपी त्याला म्हणत होता, "अहो, आमटी तिखट लागली काय?"

त्यानंतरची मुंबई माझ्या डोळ्यांपुढे उजळ आहे. खरं तर शहर तेच होतं. राणीच्या बागेत हत्ती सोंडेने गवताच्या पेंढ्या उचलून तोंडात टाकत होता आणि आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती. "याला जेवाय वाढनारीचं काय होत असंल?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. भादव्यानंतरचं तिचं ते पहिलं हसू. इराण्याच्या हॉटेलात चारी भिंतींना आरसे होते. आई बशीतला चहा फुंकताना जिकडे बघावं तिकडे तीच दिसायला लागली, तेव्हा ती गोंधळून पदराआड गेली आणि मग पदराआडून हळूच पुन्हा बघू लागली. मस्का लावलेला पाव तिला आवडला. आबांना नाही आवडला, पण त्यांनी तो संपवला, कारण तो संपेपर्यंत तिने दुसरा घ्यावा असा त्यांचा डाव होता.

पालव्याला, म्हणजे अपोलो बंदरावर, आम्ही बोटी बघायला गेलो. उन्हात पाणी नुसतं चमचमत होतं. आबांनी एका खलाशाला विचारलं, "रंगूनवरनं येते ती बोट कंची?" त्याने हात कुठेतरी लांब, धुरकट क्षितिजाकडे केला. तिकडे तीनचार बोटी होत्या. आबांनी टोपी नीट केली आणि त्या दिशेला हात जोडले. ती रंगूनची होती की आणखी कुठली, देव जाणे. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटतं, माणसाने उपकार मानायचे तर असेच मानावेत, नेमका पत्ता माहीत नसला तरी.

भुलेश्वरला आबांनी आईला बांगड्या भरायला बसवलं. कासाराने तिचा हात दाबून बघितला आणि पोरीबाळींच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. आबा म्हणाले, "मोठं माप काढ." कासार म्हणाला, "अहो पाटील, गळून पडतील." आबा म्हणाले, "काढ तू. हात भरंल." कासाराने खांदे उडवले आणि मोठ्या मापाच्या भरल्या. आई सबंध रस्ता हात वर धरून चालत होती, बांगड्या पडू नयेत म्हणून. माझ्यासाठी रिबिनी घेतल्या, आणि एक पत्र्याची शिट्टी, जी आसनगावला उतरायच्या आधी आबांनी माझ्याकडून काढून घेतली.

आणि शेवटच्या दिवशी आबांनी मुंबईत आणखी एक खरेदी केली. दाणेबाजारात जाऊन रंगूनच्या तांदळाचं अर्धं पोतं घेतलं. दुकानदाराने गाव विचारलं. मुरबाडकडचे, भाताचे शेतकरी, हे ऐकून तो तराजू हातात धरून खदखदा हसला. आबाही हसले. ते पोतं त्यांनी डोक्यावरून बोरीबंदरला आणलं, आसनगावला उतरवलं, बैलगाडीत घातलं आणि भाताने भरलेल्या आपल्या घरात नेऊन ठेवलं.

गावाने काय करायचं बाकी ठेवलं? मुंबईहून काय आणलंत, म्हणून माणसं हौसेने ओटीवर यायची. आबा सांगायचे, "तांदूळ." मग माणसं एकमेकांकडे बघायची. शिमग्याला पोरांनी आबांच्या नावाने बोंब मारली ती ह्याच तांदळाची. आबांनी कारण कुणालाही सांगितलं नाही. बायकोचं दुःख चव्हाट्यावर नेण्यापेक्षा स्वतः येडा ठरणं त्यांनी पत्करलं. आमच्या घरात दोन भांडी चढायला लागली, मोठ्यात झिनी आमच्यासाठी, छोट्यात रंगूनचा आईसाठी. आणि आबा जेवून उठल्यावर ओटीवर न जाता आतल्या उंबऱ्यावर बसू लागले, आईचं होईपर्यंत. दोरी वळायचे, नाहीतर नुसते बसायचे. "जेवलीस का गो" हा प्रश्न आमच्या घरातून कायमचा गेला.

पुढे लढाईत रंगून पडलं, बोटी थांबल्या, तांदूळ रेशनवर आला. आमच्या भाताला मागणी वाढली. आबांचा वैरी मेला होता. पण बातमी ऐकली तेव्हा आबा म्हणाले, "तिथल्या शेतकऱ्याचं काय झालं असंल?" आणि त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, मुंबईहून आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यातलं. एका दुपारी आई पाण्याला गेली होती. मी घरात आले तर आबा रंगूनच्या पोत्यापाशी बसलेले. शेजारी सुपात आमची झिनी. त्यांनी ओंजळभर झिनी पोत्यात टाकली आणि हात कोपरापर्यंत आत घालून ढवळली. मला बघून दचकले. "बोलू नको हा चंदे," म्हणाले. मी कुणाला बोलले नाही. काही दिवसांनी पुन्हा ओंजळ, मग दोन, मग शेरभर. पोतं काही केल्या संपेना. छोट्या भांड्यातला भात दिवसेंदिवस पांढरा आणि बारीक होत गेला, आणि पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला तेव्हा त्या पोत्यात रंगूनचा दाणाही उरला नसावा. आईच्या हातात बांगड्या घट्ट बसल्या होत्या. ती भारे उचलत होती, माझ्यावर ओरडत होती, पाणवठ्यावर बायकांशी भांडत होती. एके दिवशी तिने छोटं भांडं घासून पालथं घातलं आणि तेव्हापासून सगळ्यांचा भात एकाच भांड्यात शिजू लागला.

आबा गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आई माझ्याकडे शहापूरला राहायला आली होती तेव्हा, अशाच पौषातल्या उन्हात मी तिला ती ओंजळीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं जपून ठेवलेली. मला वाटलं, ती चकित होईल, कदाचित रागावेलही.

ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला सांगतेस? पयल्याच दिवशी आधन आलं तवा वास आला. आपला भात मला कळत नाय काय?"

"मग तू बोलली नाहीस? आणि खाल्लास कसा?"

आईने हातातली शेंग खाली ठेवली.

"उंबऱ्यावर बसले होते गो. माझ्या तोंडाकडं बगत. पोराच्या आईनं बगावं तसं." तिने पदराने डोळे टिपले आणि शेंग पुन्हा उचलली. "बाळाचं राहिलं. माझं उष्टावण तुज्या आबांनी केलं."